पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंत थांबा : ‘कमांडोज’ ते ‘शॅडो टॅक्टिक्स’, या अवघड गेम्सचं वेड का लागतं?

साल १६१५. जपानमधला डोंगरी रस्ता, सगळीकडे बर्फ. वाटेत चौकी आहे आणि पहारा कडक आहे. हायातो नावाचा निन्जा आडोशाला दबा धरून बसलाय. समोरचा पहारेकरी थोडं चालतो, वळतो, परत येतो. त्याची पाठ फिरली की हातात फक्त काही सेकंद असतात. हायातो निघतो. पण बर्फात त्याच्या पावलांचे ठसे उमटतात आणि दुसऱ्या बाजूने येणाऱ्या शिपायाला ते दिसतात. तो माग काढत थेट हायातोपर्यंत पोचतो. आरडाओरडा होतो, चौकीतून जादा शिपाई धावत येतात, खेळ खल्लास.

खेळणारा मघाशी सेव्ह केलेल्या जागेवरून परत सुरुवात करतो. या वेळी तो मुद्दाम ठसे उमटवतो. शिपाई त्यांच्यामागे एका कोपऱ्यात येतो आणि तिथे कुणालाही न दिसता त्याचा काटा निघतो. पाच मिनिटांपूर्वी ज्या चुकीने जीव गेला होता, तीच आता सापळा म्हणून वापरली गेली.

हा प्रसंग ‘शॅडो टॅक्टिक्स : ब्लेड्स ऑफ द शोगुन’ या २०१६ च्या गेममधला आहे. गेम म्हटलं की धडाधड गोळ्या, पळापळ आणि स्फोट असं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे उलटं आहे. इथे बराचसा वेळ काहीही न करता नुसतं बघण्यात जातो. एका मिशनला दोन-तीन तास लागू शकतात, त्यात पन्नास-शंभर वेळा चुकणं हे नेहमीचं आणि तरीही लोक रात्री जागवून हे गेम खेळतात. का खेळतात, ते समजून घ्यायचं तर जरा मागे जायला लागेल.

माद्रिदमधून आलेले सहा जण

१९९८ हे साल लपूनछपून खेळायच्या गेम्ससाठी मोठं होतं. ‘मेटल गिअर सॉलिड’, ‘थीफ’ आणि जुन्या जपानमधल्या निन्जांवरचा ‘तेन्चू’ हे तिन्ही त्याच वर्षी आले. या तिघांत एका वेळी एकच नायक हाताशी असतो आणि त्याला सावलीतून पुढे न्यायचं असतं.

त्याच वर्षी स्पेनमधल्या माद्रिदच्या पायरो स्टुडिओजने वेगळंच काहीतरी आणलं. गोन्झालो सुआरेझ हा त्याचा मुख्य डिझायनर आणि गेमचं नाव ‘कमांडोज : बिहाइंड एनिमी लाइन्स’. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. नकाशा वरून, तिरक्या कोनातून दिसतो. हाताशी सैन्य नाही, फक्त सहा माणसं. ग्रीन बेरे, स्नायपर, पाणबुड्या, सुरुंगवाला, ड्रायव्हर आणि हेर. प्रत्येकाचं काम ठरलेलं. ग्रीन बेरे भिंतीवर चढतो, मेलेला शिपाई उचलून लपवतो, बर्फात किंवा वाळूत स्वतःला पुरून घेतो. स्नायपरचा नेम चुकत नाही, पण गोळ्या मोजक्याच. हेर शत्रूचा गणवेश मिळवून त्यांच्यातच मिसळतो आणि पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून ठेवतो. पाणबुड्याशिवाय नदी ओलांडता येत नाही. आणि सहातला एक जरी मेला, तरी मिशन फुकट.

या शेवटच्या नियमात या प्रकाराचं सगळं मर्म आहे. इतर युद्धाच्या गेम्समध्ये प्यादी मरतात आणि नवी तयार होतात. इथे प्यादं नाहीच. प्रत्येक मिशनमध्ये सहाही जण मिळत नाहीत, कधी दोन, कधी तीन. नॉर्वेतल्या पहिल्याच मिशनमध्ये जर्मनांचं संदेशकेंद्र उडवायचं असतं आणि त्यासाठी तीन माणसं मिळतात. म्हणजे ज्याच्याकडे जे काम आहे, ते दुसऱ्या कुणाकडून करून घेता येत नाही. कोण कुठे पोचला म्हणजे दुसऱ्याची वाट मोकळी होईल, हे कोडं सोडवायचं.

गेम अवघड होता. नुसता अवघड नाही, निर्दयी होता. अलार्म वाजला की बराकीतून शिपायांच्या रांगा बाहेर पडायच्या आणि मग वाचणं जवळजवळ अशक्य. तरीही तो तुफान चालला. १९९९ मध्ये त्याचा जोडभाग आला, २००१ मध्ये ‘कमांडोज २’ आणि २००३ मध्ये तिसरा भाग. दरम्यान जर्मनीच्या स्पेलबाउंड कंपनीने हाच सांगाडा घेऊन २००१ मध्ये अमेरिकेच्या काउबॉय काळातला ‘डेस्पराडोज’ आणि २००२ मध्ये रॉबिन हूडवरचा गेम काढला.

मग हा प्रकार जवळपास संपला. २००६ मध्ये ‘कमांडोज’ मालिकेतलाच पुढचा गेम बंदूक हातात धरून धावायचा निघाला आणि जुन्या चाहत्यांनी कपाळावर हात मारला. पुढची दहा वर्षं या घराण्यात नाव घेण्यासारखं फारसं काही झालं नाही.

अवघड, पण अन्याय नाही

अवघड गेम दोन प्रकारचे असतात. एकात बोटं चपळ लागतात. दुसऱ्यात डोकं थंड लागतं. हे गेम दुसऱ्या प्रकारचे.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहारेकऱ्याची नजर खेळणाऱ्याला दिसते. शिपायावर क्लिक केलं की त्याच्या डोळ्यांपासून पंख्यासारखा एक हिरवा पट्टा जमिनीवर पसरतो. पट्ट्याच्या जवळच्या भागात गेलात तर पकडले जाणारच. लांबच्या भागात उभे राहिलात तर दिसाल, पण वाकून किंवा सरपटत गेलात तर दिसणार नाही. ही युक्ती ‘कमांडोज’मध्ये होती आणि ‘शॅडो टॅक्टिक्स’नेही ती तशीच ठेवली. मात्र एका वेळी एकाच शिपायाचा पट्टा बघता येतो. बाकीच्यांचा डोक्यात धरून ठेवायचा.

म्हणजे माहिती लपवलेली नाही. कोण कुठे उभा आहे, कोण कुठून कुठे फेऱ्या मारतो, कुणाचं लक्ष कुणावर आहे, सगळं समोर मांडलेलं. नशिबाचा फासा नाही. त्यामुळे पकडलं गेल्यावर “गेमने फसवलं” असं म्हणायला जागा राहत नाही. आपलं काय चुकलं ते लगेच कळतं. त्या कोपऱ्यातल्या माणसाकडे आपण पाहिलंच नव्हतं. बुद्धिबळात हरल्यावर जशी चरफड होते, तशीच ही चरफड असते आणि तिच्यामुळेच माणूस परत बसतो.

दुसरी गोष्ट सेव्हची. बऱ्याच खेळाडूंना दर मिनिटाला सेव्ह करणं म्हणजे लबाडी वाटते. या गेम्समध्ये मात्र तो खेळाचाच भाग आहे. ‘शॅडो टॅक्टिक्स’ बनवणाऱ्यांनी तर स्क्रीनवर घड्याळच लावलं. सेव्ह करून मिनिटभर झाला की ते आठवण करून देतं आणि जसजसा वेळ जातो तसा त्याचा रंग बदलतो. संदेश सरळ आहे : चुका, परत करा, लाज नको. चुकण्याची किंमत मिनिटभराच्या मेहनतीइतकीच राहिली, की माणूस वेडेवाकडे प्रयोग करायला धजावतो. पहारेकऱ्याला साकेची बाटली टाकून भुलवता येतं का? दोघांना एकाच क्षणी गाठता आलं तर?

त्या ‘एकाच क्षणी’साठी खास सोय आहे. ‘शॅडो मोड’मध्ये प्रत्येक पात्राला एकेक काम नेमून देता येतं आणि मग एक बटण दाबलं की सगळे एकदम हलतात. छपरावरून तोफबंदूकधारी म्हातारा ताकुमा नेम साधतो, त्याच क्षणी खाली सामुराई मुगेनची तलवार फिरते आणि पोरसवदा युकीने लावलेल्या सापळ्यात तिसरा अडकतो. वीस मिनिटं जुळवलेला डाव दोन सेकंदांत उलगडतो. सोशल मीडियावर फिरणाऱ्या क्लिप्समध्ये हे दोन सेकंदच दिसतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की गेम भलताच वेगवान आहे. मागची वीस मिनिटं क्लिपमध्ये येत नाहीत.

आणि पहारेकरी सगळे सारखे नसतात, हे तर फारच सुंदर आहे. साधा शिपाई दगडाच्या आवाजाने वळतो, बाटली दिसली की उचलायला जातो. गवती टोपीवाला आपली जागा सोडत नाही, काहीही फेका. सामुराई त्याहून कठीण. आयको ही वेषांतरात तरबेज असलेली बाई बाकी सगळ्यांना गंडवते, पण सामुराई तिला ओळखतो. त्याला समोरासमोर मारू शकतो तो फक्त मुगेन. नाहीतर ताकुमाच्या गोळीने आधी त्याला गडबडवायचं आणि मग दुसऱ्या कुणीतरी घाव घालायचा. चौकात एक सामुराई, एक टोपीवाला आणि दोन साधे शिपाई एकमेकांवर नजर ठेवून उभे असले, की आधी कुणाला हलवायचं हाच प्रश्न अर्धा तास पुरतो.

पण यासाठी इतिहासच का लागतो?

हेच कोडं आजच्या काळातल्या एखाद्या बँकेत किंवा लष्करी तळावर का मांडत नाहीत? मांडता येतं, पण मजा कमी होते. याचं कारण तंत्रज्ञानात आहे.

आज पहारा म्हणजे कॅमेरे, सेन्सर, ड्रोन आणि प्रत्येकाच्या कानात वायरलेस. तिथे एका माणसाची पाठ फिरल्याने काही होत नाही. १६१५ मध्ये किंवा १९४२ मध्ये मात्र पहारा म्हणजे माणसाचे डोळे, माणसाचे कान आणि माणसाचा घसा. हाक जिथवर ऐकू जाते तिथवरच धोका. दिवा विझला की अंधार, आणि अंधारात नजर आखूड. या गेम्सचे नियम आणि त्या काळाची मर्यादा एकमेकांत चपखल बसतात. नियम वेगळे समजावून सांगावेच लागत नाहीत. बर्फात ठसे उमटतात, हे कुणाला शिकवायला लागतं?

वेषांतराचंही तसंच. जिथे कपड्यांवरून माणसाचा दर्जा, जात, पेशा ठरतो, तिथेच कपडे बदलून माणूस बदलता येतो. गणवेश आणि हुद्दा यांवर चालणारं जर्मन सैन्य असो की पदरचना काटेकोर असलेला एदो काळातला जपान असो, दोन्हीकडे समोरच्याचा चेहरा बघण्याआधी त्याचा पोशाख बघितला जातो. हेराचं काम त्याच फटीतून होतं.

जपानच्या बाबतीत तर याला ग्रंथाचा आधार आहे. १६७६ मध्ये संकलित झालेल्या ‘बान्सेनशुकाई’ या निन्जांच्या ग्रंथात छुप्या कामाचे दोन मार्ग सांगितलेत. एक ‘योनिन’, म्हणजे उजेडात, सगळ्यांसमोर, पण दुसराच कुणीतरी बनून वावरायचं. दुसरा ‘इन्निन’, म्हणजे अंधारात, दिसायचंच नाही. गेममधली आयको पहिल्या मार्गाने जाते, हायातो दुसऱ्या. काळे कपडे घालून छपरांवरून उड्या मारणारा निन्जा ही बरीचशी नाटक-सिनेमाची देणगी आहे. खरा हेर शक्यतो साधू, फेरीवाला किंवा मजूर दिसेल याची काळजी घ्यायचा.

गोव्याच्या बंदरातली एक रात्र

हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल, तर मुरगाव बंदराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

१९४३. गोवा पोर्तुगिजांकडे आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ. त्यामुळे युद्ध सुरू झाल्यावर तीन जर्मन आणि एक इटालियन व्यापारी जहाज मुरगावात आसरा घेऊन पडून होती. यातल्या ‘एरेनफेल्स’ या जहाजावर गुप्त ट्रान्समीटर आहे आणि त्यावरून ब्रिटिश जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात सैन्य घुसवता येत नाही. मग काय केलं? कलकत्त्यातल्या ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’ या हौशी स्वयंसेवक पलटणींतले मूठभर गोरे गृहस्थ निवडले. त्यांतले बरेचसे कंपन्यांमध्ये नोकऱ्या करणारे, मध्यम वयाचे. ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून ते किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यात आले. त्या रात्री किनाऱ्यावर मौजमजेची अशी सोय करून ठेवली होती, की जहाजांवरचे बरेच खलाशी खाली उतरावेत. ९ मार्चच्या रात्री या मंडळींनी ‘एरेनफेल्स’वर हल्ला केला. जहाज बुडालं, आणि बाकीच्या जहाजांवरच्या लोकांनी ती हातची जाऊ नयेत म्हणून स्वतःच बुडवली.

पाणबुड्या नाही, पण बोट आहे. हेर आहे. पहारेकऱ्यांना भुलवून जागेवरून हलवणं आहे. मोजकी माणसं आणि अलार्म वाजण्याआधी उरकायचं काम आहे. ‘कमांडोज’चं मिशन याहून वेगळं नसतं. अनेक वर्षं दडून राहिलेल्या या मोहिमेवर १९७८ मध्ये पुस्तक आलं आणि १९८० मध्ये ‘द सी वुल्व्हज’ हा सिनेमा. त्यात ग्रेगरी पेक आणि डेव्हिड निव्हन होते. हेच दोघे १९६१ च्या ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’मध्येही होते, आणि ‘कमांडोज’ ज्या सिनेमांच्या सावलीत वाढला त्यांत ‘नॅव्हरोन’चं नाव आधी घ्यावं लागतं. ‘कमांडोज २’च्या मिशन्सची नावं वाचली तरी ते कळतं. क्वाय नदीवरचा पूल, सेव्हिंग प्रायव्हेट स्मिथ, पॅरिस जळतंय का, सगळी युद्धपटांच्या नावांवर बेतलेली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे गेम इतिहास कमी आणि इतिहासावरचे सिनेमे जास्त दाखवतात. ब्रिटिश कमांडो तुकड्या चर्चिलच्या आग्रहावरून १९४० मध्ये उभ्या राहिल्या. मार्च १९४२ मध्ये फ्रान्समधल्या सँ नाझेर बंदरावर त्यांनी मारलेला छापा यशस्वी मानला जातो. स्फोटकांनी भरलेली जुनी विनाशिका गोदीच्या दरवाजावर नेऊन धडकवली आणि गोदी निकामी केली. पण गेलेल्या सहाशे बारा जणांपैकी १६९ मेले आणि दोनशेहून जास्त पकडले गेले. एक माणूस गेला की मिशन फुकट, हा गेमचा नियम तिथे लावला असता तर इतिहासातली यशस्वी मोहीमही हरलेलीच ठरली असती. गेममध्ये सेव्ह असतो, म्हणून सगळे परत येतात.

ज्यांनी हा प्रकार जिवंत केला, तेच थांबले

‘शॅडो टॅक्टिक्स’ जर्मनीतल्या म्युनिकच्या मिमिमी या छोट्या कंपनीने बनवला होता. ‘कमांडोज’ आणि ‘डेस्पराडोज’ खेळत वाढलेल्यांनी तो प्रकार पुन्हा उभा केला. चुरचुरीत संवाद, हवं तर जपानी भाषेतले आवाज, आणि तेरा मिशन्स. ओसाकाच्या किल्ल्यावरच्या हल्ल्यापासून गोष्ट सुरू होते. खेळणाऱ्यांनी आणि समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. त्या जोरावर ‘डेस्पराडोज’चे हक्क असलेल्या टीएचक्यू नॉर्डिकने त्याच कंपनीला तिसरा भाग दिला. २०२० चा ‘डेस्पराडोज ३’ आजही या घराण्यातला सगळ्यात घोटीव गेम मानावा लागेल. मिशन संपल्यावर आपण कुठून कसे गेलो, हे नकाशावर भराभर फिरवून दाखवण्याची त्यातली सोय म्हणजे खेळणाऱ्याला दिलेलं बक्षीसच.

ऑगस्ट २०२३ मध्ये मिमिमीचा ‘शॅडो गॅम्बिट’ आला, शापित चाच्यांचा. त्यात सेव्ह-लोडलाच गोष्टीचा भाग केलं होतं. सेव्ह करणं म्हणजे जहाजाच्या आत्म्याने एक आठवण पकडून ठेवणं. पुन्हा कौतुक झालं. आणि गेम आल्यावर दोन आठवडेही उलटले नाहीत, तोच २९ ऑगस्टला कंपनीने जाहीर केलं की आता आपण बंद करतोय. इतकी वर्षं मोठे गेम करताना स्वतःची आणि घरच्यांची ओढाताण झाली आणि खर्चाची जोखीम वाढतच चालली, हे त्यांनी स्वतः सांगितलं. भांडून नाही, बुडून नाही, दमून थांबले.

यात धंद्याचं गणितही आहे. असा गेम एकदा खेळला जातो. त्यात रोज नवे पोशाख विकता येत नाहीत, ऑनलाइन सामने लावता येत नाहीत. उलट प्रत्येक नकाशा हाताने रचावा लागतो. कुठला पहारेकरी कुठे वळतो, कुणाची नजर कुठे पडते, कुठल्या पाच वाटांनी आत शिरता येतं, हे सगळं आधी बनवणाऱ्याला खेळून बघावं लागतं. महिनोन् महिने केलेलं काम खेळणारा दोन तासांत संपवतो. कौतुक भरपूर, पण गिऱ्हाईक मर्यादित.

तरी घराणं पूर्ण बुडालेलं नाही. ‘कमांडोज’चे हक्क कॅलिप्सो या जर्मन कंपनीकडे गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये ‘कमांडोज : ओरिजिन्स’ आला. ते सहा जण एकत्र कसे आले, त्याची ही गोष्ट आहे.

नव्याने सुरुवात करायची असेल तर १९९८ च्या मूळ ‘कमांडोज’ला थेट हात घालू नये. तो आजच्या सवयींना फार खडतर जातो. ‘शॅडो टॅक्टिक्स’ किंवा ‘डेस्पराडोज ३’ सोप्या पातळीवर लावावा. गोष्टीतल्या पहिल्या वेळेस कुणाला न मारता किंवा ठरावीक वेळेत संपवण्याच्या नादी लागू नये. ती आव्हानं मिशन एकदा पार केल्यावर गेम स्वतःच समोर ठेवतो. आणि पहिली दहा मिनिटं कुणालाही हलवू नये. नुसत्या फेऱ्या बघाव्यात. कोण कधी वळतो, कोण कुणाशी बोलायला थांबतो, कुणाकडे कुणाचंच लक्ष नाही. असा एकटा पडलेला एक शिपाई प्रत्येक नकाशात असतोच.